ताईने पळवलेला पाय

आमच्या ताईने हॉस्पिटलमधून एका माणसाचा पाय पळवून घरी आणलाय, ही बातमी मला आमच्याच जिन्यात कळली. तळमजल्यावरच्या काकू दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना अडवून सांगत होत्या. बातमी जितकी गंभीर तितका काकूंचा आवाज वर चढतो आणि शेवटचा शब्द त्या दोनदा म्हणतात. "अहो, गुडघ्याखालचा अख्खा पाय, पाय! आणि वर त्याच्यावर पुस्तक लिहितेय म्हणे, म्हणे!"

आजोबा एका मोठ्या गोदामातून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांना वेगळीच काळजी. "पण ठेवला कुठे असेल?"

"फ्रीजमध्येच की. दुसरं कुठे ठेवणार, ठेवणार?"

मी तीन-तीन पायऱ्या गाळत वर गेले. सांगायला लाज वाटते, पण मी आधी फ्रीज उघडला. अर्धा कोबी, सहा अंडी, बाबांचं डोळ्यांत घालायचं औषध. पाय नव्हता.

पाय पळवलेलाच नव्हता. ज्याचा होता त्याच्यापासून तो तीन महिन्यांपूर्वी रीतसर, कागदांवर सह्या होऊन, सुटा झाला होता. ताईने पळवलं होतं ते एक वाक्य. काकूंना हे मी दुसऱ्या दिवशी समजावलं. त्या म्हणाल्या, "एवढंच, एवढंच?" आणि तोंड पाडून घरात गेल्या. पण ताईचं धाबं पायापेक्षा त्या वाक्यानेच जास्त दणाणलं होतं.

ताई डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि तिची पहिली कादंबरी छापायला निघाली होती. राजा-राणीची, जादूची, हवेत तरंगणाऱ्या बेटांची चारशे पानांची कादंबरी. तीन वर्षं लिहीत होती. सकाळी पाच ते साडेसहा तिचं राज्य, साडेसात ते दीड वॉर्ड, मग लेक्चर, मग अभ्यास. मधल्या वेळात ती कशी जगते हे आम्हालाही नीट माहीत नाही. रक्तपेढीबाहेरच्या बाकावर बसून तिने एक अख्खं युद्ध लिहिलंय. एकदा डब्याऐवजी मनगटाच्या हाडांची पेटी घेऊन कॉलेजात गेली आणि दुपारी आईला फोन करून म्हणाली, "आई, ओट्यावरच्या माझ्या पोळ्यांना हात लावू नकोस, मी येतेच."

आईचं म्हणणं, दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ताईचं म्हणणं, डगर एकच आहे. ते आम्हाला पटायचं नाही, पण पुरावे रोज मिळायचे. तिच्या कादंबरीतला दुष्ट मांत्रिक तिसऱ्या भागात विष पिऊन मरतो. त्याचं मरण तिने चार वेळा बदललं.

"एवढ्या लवकर नाही चढत गं हे विष," ती जेवताना म्हणाली.

"अगं, मांत्रिक आहे तो," आई म्हणाली.

"मांत्रिकाला यकृत नसतं का?"

बाबांनी समोरची भाजी बाजूला सारली.

आता तिची खरी पद्धत सांगते, कारण घोटाळा तिथूनच झाला. वॉर्डात नवा पेशंट आला की विद्यार्थ्याने त्याची केस घ्यायची. त्याचा एक ठरलेला छापील कागद असतो. नाव, वय, धंदा, मग "तक्रार, रुग्णाच्या शब्दांत", मग किती दिवसांपासून, पूर्वीचे आजार, घरातले आजार, झोप, भूक. 'रुग्णाच्या शब्दांत' ही जागा फार महत्त्वाची. पेशंट म्हणाला "पोटात उंदीर पळतात", तर तसंच लिहायचं. आपलं शहाणपण नंतर.

ताईने तोच कागद कादंबरीतल्या प्रत्येक पात्रासाठी भरला होता. राणीचा कागद, सेनापतीचा कागद, मांत्रिकाचा कागद. मांत्रिकाच्या तक्रारीत लिहिलंय, "कोणी माझ्याशी सरळ बोलत नाही." पूर्वीचे आजार: गोवर. मी तो वाचला तेव्हा मला मांत्रिकाचं इतकं वाईट वाटलं की तो मेला तेव्हा मी ताईशी दोन दिवस बोलले नाही.

आणि एक नावाडी. वय तीनशे चाळीस. नदीपार जायला त्याला आपली सावली कापून द्यावी लागलीय, आणि आता ती नसलेली सावली त्याला दुखते.

हे सगळे कागद आणि खऱ्या पेशंटांचे कागद एकाच फळीला, एकाच चिमट्यात. पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. ताईच्या आलं नाही.

सोमवारी सकाळी मोठे सर राउंडला आले. मुलं त्यांना 'तर मग सर' म्हणतात. तुम्ही कितीही बरोबर उत्तर द्या, सर चष्म्याच्या वरून बघतात आणि शांतपणे विचारतात, "तर मग?" पुढचं उत्तर दिलंत तरी "तर मग?" असं करत करत ते माणसाला त्याच्या अज्ञानाच्या काठावर नेऊन उभं करतात आणि तिथे सोडून पुढच्या बेडकडे जातात. हे मला ताईच्या मैत्रिणीने सांगितलं. तिचं टोपणनाव टाचणी, कारण ती बारीक आहे आणि बोलते तेव्हा टोचते. त्या दिवशी ती आमच्याकडे आली तेव्हा ताई खोलीत दार लावून बसली होती, आणि टाचणीने स्वयंपाकघरात उभं राहून मला अख्खा राउंड करून दाखवला.

"बेड नंबर नऊ," टाचणी म्हणाली. "ट्रक ड्रायव्हर काका. अपघातात पाय गेला, आता जखम चिघळली म्हणून परत भरती. तुझी ताई केस मांडायला उभी राहिली. काय तो आवाज! वय बावन्न, धंदा ट्रकचालक, सगळं फाड फाड. मग पान उलटलं."

"मग?"

"मग म्हणाली, वय तीनशे चाळीस. धंदा नावाडी."

"थांबली नाही?"

"कशी थांबणार? तीनच तास झोपलेली. डोळे उघडे, मेंदू बंद. आणि तुला गंमत सांगू? आम्ही अकरा जण, अकराच्या अकरा जणांनी लिहून घेतलं. मी स्वतः लिहिलंय." तिने वही काढून दाखवली. सुंदर अक्षरात लिहिलं होतं: वय ३४०.

"आणि सर?"

टाचणीने अदृश्य चष्मा खाली ओढला. "तर मग?"

"आणि ताई?"

"आणि ताईने वाचलं. तक्रार, रुग्णाच्या शब्दांत. आणि ते वाक्य वाचलं. आणि बेडवरचा ड्रायव्हर ताडकन उठून बसला गं! म्हणाला, ओ डॉक्टरबाई! हे तर आमचं! पायाच्या जागी सावली घातली तुम्ही, बाकी आमचंच!"

तीन महिन्यांपूर्वी, पाय गेल्यावर, ताईनेच त्याची केस घेतली होती. नसलेल्या पायाची बोटं दुखतात, असं तो म्हणाला होता. असं पुष्कळ लोकांना होतं, पुस्तकात त्याला नाव आहे. पण तो त्यापुढे एक वाक्य बोलला. ताईने ते कागदावर जसंच्या तसं उतरवलं, कारण कागदावर तसंच लिहायचं असतं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, एक शब्द बदलून, नावाड्याच्या कागदावर उतरवलं आणि कादंबरीत त्याच्या बायकोच्या तोंडी घातलं. प्रकाशकबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी म्हणे त्या एका वाक्यावर पुस्तक घेतलं. ते मलपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापायचं ठरलं होतं.

"सर ओरडले?" मी विचारलं.

"ओरडले असते तर बरं झालं असतं. सगळं ऐकून घेतलं. कादंबरी, छपाई, सगळं. मग एवढंच म्हणाले, यांना विचारलं होतंस? तुझ्या ताईने नाही म्हणून मान हलवली. म्हणाले, पेशंट आपल्याला जे सांगतो ते बरं व्हायला सांगतो. आधी विचारून ये. तोवर माझ्या वॉर्डात केस मांडू नकोस. आणि गेले दहा नंबरकडे."

मला जो धक्का बसला तो सरांचा नव्हता. आमची ताई! जी दुकानात दुसऱ्याची पडलेली छत्री दिसली तर मालक येईपर्यंत तिथेच उभी राहते. जिने मला एकदा शेजारच्यांच्या झाडाचं लिंबू परत द्यायला लावलं होतं, सॉरी म्हणून. तिने एका माणसाच्या तोंडातलं वाक्य उचललं, आणि तीन महिने तिला ते उचलल्यासारखं वाटलंही नाही!

दार उघडून ती बाहेर आली तेव्हा मी तेच म्हणाले. टाचणीने मला चिमटा काढला. ताई म्हणाली, "मला वाटलं मी ते ऐकलं म्हणजे माझं झालं." आणि प्रकाशकबाईंना फोन लावला.

प्रुफं शुक्रवारी परत जायची होती. फोन स्पीकरवर होता, आणि प्रकाशकबाईंचा आवाज असा की दोन्ही गालांत पेढा धरून बोलतायत. "अगं राणी, विचारतेस कसली? एखादा शब्द इकडचा तिकडे कर. कोण ओळखणार आहे?"

"त्यांनी ओळखलं."

"ते पुस्तक वाचणारेत का?"

ताई म्हणाली, "मी बुधवारी विचारते. नाही म्हणाले तर काढते." पलीकडे इतका वेळ शांतता की मला वाटलं पेढा अडकला.

बुधवारी मी तिच्याबरोबर गेले. कारण असं की ताई स्वतःचं लिखाण वाचते तेव्हा रक्ताचा रिपोर्ट वाचल्यासारखं वाचते, आणि विचारायचं तर आधी ते प्रकरण ऐकवायला हवं होतं. वाचायचं काम माझं.

नऊ नंबरचे ड्रायव्हरकाका उशीला टेकून बसले होते. मोठा देह, मोठा आवाज, आणि चादर एका बाजूला अचानक सपाट झालेली. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तिकडेच बघत होते.

"बघ बघ," ते म्हणाले. "सगळे बघतात. मी पण बघतो."

मी नावाड्याचं प्रकरण वाचलं. नावाड्याचा आवाज मी काढला तो सहज, जसा कागदावर दिसत होता तसा. जरा घोगरा, वाक्याच्या शेवटी हिसका दिल्यासारखा. दुसऱ्या पानावर लक्षात आलं की आजूबाजूच्या एकाही बेडवर कुणी हलत नाहीय. आणि तिसऱ्या पानावर लक्षात आलं की मी हा आवाज पाचच मिनिटांपूर्वी ऐकलाय. तो माझ्यासमोर बसलेल्या माणसाचा होता. ताईने आवाजसुद्धा उचलला होता, आणि मला वाचताना पत्ताच नव्हता! मी पानावरून मान वर केली.

"थांबलीस का? वाच की!" काका म्हणाले. "मी असा बोलतो?"

"अगदी असाच," आठ नंबर म्हणाला.

काका खूश झाले. फार म्हणजे फारच खूश. त्यांनी ताईला प्रश्नांनी भंडावून सोडलं. नावाड्याला मिशा आहेत का? नाहीत? मग ठेवा. होडी केवढी? ब्रेक असतो का होडीला? "आणि शेवटी मी मरतो का?"

ताई प्रामाणिक. "शेवटच्या आधीच्या प्रकरणात."

"एक प्रकरण पुढे ढकला."

"बघते," ताई म्हणाली, आणि मला दिसलं की ती खरंच मनात हिशोब मांडतेय. मग तिने विचारलं. एकदम सरळ, राउंडला बांधतात तसे हात मागे न बांधता. तुम्ही मला जे सांगितलंत ते मी न विचारता घेतलं. चुकलं. दुखणं, नावाडी, ते वाक्य, यातलं काय ठेवू आणि काय काढू, ते तुम्ही सांगा.

"अहो सगळं ठेवा! दुखणं तर घेऊनच जा, परत आणू नका!" काका हसले. मग हसू जरा आवरलं. "पण ते वाक्य... ते माझं नाही ओ. ते हिचं. ती येते साडेचारला. तिला विचारा."

मी ताईकडे बघितलं. म्हणजे ज्याची चोरी केली असं वाटत होतं, त्याच्याकडे तो माल दुसऱ्याचाच होता.

मावशी, म्हणजे काकांच्या पत्नी, साडेचारला आल्या. कपड्यांच्या कारखान्यात काज करायचं काम. बाहीला पांढरे दोरे चिकटलेले. आल्या, डबा ठेवला, काकांच्या कपाळाला हात लावला, मग आमच्याकडे वळल्या. ताईने पुन्हा सगळं सांगितलं. मावशी दोरे काढून बोटाला गुंडाळत ऐकत होत्या.

"किती लोक वाचतील?"

"हजार. जास्तीत जास्त."

"त्यातलं कोणी मला ओळखेल?"

"नाही. नावसुद्धा येणार नाही."

"मग पुस्तकात ते कोण कुणाला म्हणतं?"

"नावाड्याची बायको नावाड्याला."

मावशींनी बोटावरचा दोरा सोडवला. "मी ह्यांना म्हणाले. घरी. ह्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता तेव्हा. नावाड्याला नाही म्हणाले मी."

"अगं, पुस्तकाच्या पाठीवर मोठ्ठ्या अक्षरात येणारे!" काका म्हणाले.

"तुम्ही हिला का सांगितलंत?"

काका एकदम लहान झाले. "डॉक्टरबाईंनी विचारलं, काय होतंय. तेच आलं तोंडात."

"हं," मावशी म्हणाल्या. मग ताईला, अगदी मऊ आवाजात: "नको बाई. बाकी घ्या. ते नको."

मला वाटलं आता ताई समजावेल. तीन वर्षं, चारशे पानं, मलपृष्ठ, प्रकाशकबाई, काहीतरी सांगेल. निदान डोळ्यांत पाणी तरी आणेल. ताई म्हणाली, "बरं. थँक यू." आणि मावशींना विचारलं, ह्यांची साखर सकाळी कोणी तपासली का.

एवढं मोठं वाक्य पाच सेकंदांत गेलं आणि ही साखर विचारतेय!

हॉस्पिटलच्या जिन्यात सर भेटले. ताईने सांगितलं, विचारलं, मावशींनी नाही म्हटलं. सर चष्म्याच्या वरून बघत राहिले. मी वाट बघत होते त्या दोन शब्दांची. ते आलेच नाहीत. "उद्या बेड नंबर चार तू मांड," ते म्हणाले आणि खाली उतरले.

आता माझी पैज. गुरुवारी संध्याकाळी ताई प्रुफं पुढ्यात घेऊन बसली होती. मी आईला वॉर्डातला किस्सा करून दाखवत होते, आणि करता करता मावशींच्या आवाजात ते वाक्य म्हणाले. मावशी ते कशा म्हणाल्या असतील, ते मी कधी ऐकलं नव्हतं. पण त्यांचा 'नको' ऐकला होता, तेवढ्यावरून आवाज जमला. आईच्या हातातला पेला तसाच राहिला. आणि ताई उठून आली.

"पुन्हा म्हणू नकोस."

"तू तर छापणारच आहेस," मी म्हणाले. "जरा वळवून, जरा लपवून. सगळे तेच करतात. एवढं वाक्य कोण सोडतं?"

"पैज?"

"पैज. मी जिंकले तर तुझ्या प्रकाशनाच्या दिवशी स्टेजवर तुमच्या सगळ्या सरांच्या नकला करणार. प्रत्येकाची."

ताईचा चेहरा पांढरा पडला. तिथे तीन सर येणार होते. पण म्हणाली, "चालेल. आणि तू हरलीस तर ते वाक्य तुझ्या तोंडून किंवा तुझ्या हातून परत कधीही नाही."

मी हसत हात पुढे केला. एवढी सोपी पैज मी जन्मात लावली नव्हती.

सहा आठवड्यांनी पुस्तकांचं खोकं आलं. मधल्या काळात ताई मेडिसिनचं प्रॅक्टिकल पास झाली, ऐटीत नाही पण काठावरही नाही. ड्रायव्हरकाका घरी गेले होते. नावाड्याला मिशा होत्या, आणि तो शेवटच्या प्रकरणापर्यंत टिकला होता. म्हणजे ताईने पंचवीस पानं पुन्हा लिहिली होती, परीक्षेच्या आधी, आणि आम्हाला कळलंही नव्हतं. मलपृष्ठावर नुसता तिचा फोटो, ज्यात ती कुणाचीतरी नाडी मोजत असल्यासारखी घड्याळाकडे बघतेय.

मी ते प्रकरण काढलं. नावाडी अंथरुणात उठून बसतो. त्याची बायको दिवा जवळ सरकवते. आणि तिथे, जिथे ते वाक्य होतं, तिथे लिहिलंय: ती काही म्हणाली. ते मला ऐकू आलं नाही.

एवढंच. मी पुढचं पान बघितलं. मागचं बघितलं. मग सबंध पुस्तक तीनदा वाचलं. राणीच्या तोंडी घातलंय का, मांत्रिकाच्या मंत्रात तुकडे करून पेरलंय का, प्रकरणांच्या नावांत लपवलंय का, सगळं हुडकलं. तिसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन बसले. कुठेही नाही. एक शब्दसुद्धा नाही.

ताई तेव्हा बाबांना पाठमोरं बसवून त्यांच्या पाठीवर बोटांनी ठोकून बघत होती. "श्वास घ्या बाबा. सोडा. पुन्हा."

"मी हरले," मी म्हणाले.

"माहितीय," ती म्हणाली. "बाबा, बोलू नका. श्वास घ्या."

तेव्हापासून ते वाक्य मी म्हटलेलं नाही. मला ते येतं, आवाजासकट येतं, आणि हे सगळं लिहिताना चार वेळा ते लेखणीच्या टोकापर्यंत आलं होतं. पण पैज मी हरलेय, म्हणून ते इथे नाही.